घोड्याच्या नालेची अंगठी

नव्या एमआरआयच्या खोलीत मी लोखंडाची अंगठी घालून गेलो. लोखंड आत न्यायचं नाही, हे पेशंटांना बजावण्याचं काम माझंच होतं.

देगलूरच्या दवाखान्यात मी लागलो तेव्हा एक म्हातारं एक्स-रे मशीन होतं. ओल्या फिल्मा आम्ही दोरीवर धुण्यासारख्या वाळत घालायचो. पुढं सोनोग्राफी आली, मग सीटी स्कॅन. एमआरआयला मात्र नांदेडच गाठावं लागायचं. ते मशीन आमच्याकडं आलं, तेव्हा माझ्याच घरी पाळणा हलल्यासारखे मी पेढे वाटले.

पहिली पेशंट जवळच्या खेड्यातली आजी. कंबर धरलेली, पाय बधिर. नातीचं लग्न तोंडावर. ऑपरेशन निघालं तर अक्षता टाकायला आपण नसणार, हा तिला घोर. नांदेडच्या रस्त्याचे धक्के सोसवेनात, म्हणून ती आमच्या मशीनची वाट बघून राहिली होती.

मी तिला जोडवी काढायला लावली, पदराची पिन, अंबाड्यातले आकडे. मंगळसूत्राला ती अडली, तेव्हा लंबं भाषण ठोकलं: हे लोहचुंबक कधीच बंद नसतं, टाचणीसुद्धा सोडत नाही. आजीनं निमूट सगळं सुनेच्या हातात दिलं.

मग दारातून ती बघत असताना मी तिची उशी लावायला ऐटीत मशीनच्या तोंडाशी वाकलो. बोटाला हिसका बसला आणि अंगठी टण्णकन आत जाऊन चिकटली. काळ्या घोड्याच्या नालेची. साडेसाती टळावी म्हणून आईनं दिलेली. बोटात सैल, पण इतकी सवयीची, की ती लोखंडाची आहे हे मी पार विसरलो होतो.

मशीन बसवायला हैदराबादहून आलेला इंजिनिअर नशिबानं अजून तिथंच होता. त्यानं ती ओढून काढली, मशीन तपासलं आणि म्हणाला, "क्या मियाँ, भाषण सबकू, अंगूठी तुमकू?"

मशीनला काही झालं नव्हतं. मग आजी आत गेली आणि त्या खडखडाटात चक्क घोरली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं, नस थोडी दबलीय. ऑपरेशन नको, गोळ्या आणि व्यायामानं भागेल, लग्नाला खुशाल जा. आजीचा चेहरा असा फुलला, की ती अंगठी विसरली असं मला वाटलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "आजी, मलाबी बोलवा की लग्नाला."

सून तिच्या पायात जोडवी घालत होती. आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये की. पर जेव अन् गुमान जा. मांडवात कशाला हात लावू नको."