रक्त कुठून जातंय

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला चालताना दम लागायला लागला. बेलवलीतल्या घरापासून रिक्षापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागे. संडासला डांबरासारखं काळं होई. अंबरनाथच्या औषध कारखान्यातल्या लॅबमध्ये मी नोकरीला होते. वर्षभरात तीनदा रक्त चढवलं. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, खालून पाहिलं. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल.

"या वयात बायकांना होतं असं. टेन्शन घेऊ नका," उल्हासनगरचे एक डॉक्टर म्हणाले.

"टेन्शननं रक्त जातं का, डॉक्टर? आमच्याकडे बॅच फेल झाली तर कारण सापडेपर्यंत आम्ही फाइल बंद करत नाही."

नवऱ्यानं टेबलाखालून माझा हात दाबला. मी रिपोर्ट उचलले आणि उठले.

दुसरीकडे गेले. तिथल्या सर्जन बाईंनी आधी गोळीएवढा गिळायचा कॅमेरा दिला. लहान आतड्यात रक्त दिसलं, पण नेमकी जागा कळेना. त्या म्हणाल्या, "वरून किंवा खालून दुर्बीण तिथवर पोचत नाही. पोट उघडून, ऑपरेशन चालू असतानाच आतड्यात दुर्बीण घालावी लागेल. तरीही सापडेलच असं नाही."

"नाही सापडलं तर नाही. पण शोधायचं राहून गेलं, असं मला नको."

घरी सासूबाई रडल्या. "पोट फाडण्यापेक्षा अधूनमधून रक्त चढवलेलं काय वाईट?"

"आई, मी काय टाकी आहे का, गळती तशीच ठेवून वरून भरत राहायची?"

त्या डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या. मी ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मवर सही केली.

ऑपरेशननंतर सर्जन बाईंनी सगळं सांगितलं. थिएटरमधले दिवे मालवले होते. त्या हातानं आतडं हळूहळू दुर्बिणीवर सरकवत होत्या. आतला उजेड आतड्यातून बाहेर दिसत होता. दुसरे डॉक्टर स्क्रीनवर बघत होते. बऱ्याच वेळानं मिरीएवढा लाल ठिपका दिसला, त्यातून रक्त झिरपत होतं. बाहेरून तिथे टाका घालून खूण केली, वीतभर तुकडा कापला, टोकं जोडली.

"फोटो दाखवा," मी म्हटलं. नवऱ्यानं तोंड फिरवलं. मी मन भरेपर्यंत पाहिला. एवढ्याशा ठिपक्याला ते डॉक्टर माझं टेन्शन म्हणत होते.

अडीच महिन्यांनी कामावर गेले. रक्त वाढलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, आता बसून कागदपत्रांचं हलकं काम घ्या."

"साहेब, आजार होता, तो कापून टाकलाय. हात शाबूत आहेत. मला लॅबमधलं माझं टेबल द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लॅबच्या नव्या ॲप्रनच्या चिठ्ठीवर सही केली.