बिजलीबाईंची आण

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बिजलीबाईंना कुणी 'मॅडम' म्हटलं, की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. पण पहिलीचा वर्ग खरा त्यांनीच शिकवला, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी शेजारच्या वर्गात चौथीला शिकवतो.

आमची शाळा बंजारा तांड्यावर, पुसदपासून तासाभरावर. घरोघरी गोरबोली. पोरं पहिलीत येतात, आम्ही त्यांना मराठीत दरडावतो, ती गप्प बसतात, आणि आम्ही शेरा मारतो : 'मंद'. असे शेरे मीही मारलेत. लाज वाटते.

समीक्षा मॅडम पहिलीवर नव्यानं आल्या, तेव्हा महिनाभर वर्गात कुणी तोंड उघडेना. एकदा दारात तांदूळ निवडत बसलेल्या बिजलीबाईंनी मॅडमचा प्रश्न गोरबोलीत विचारला, आणि सगळी पोरं एकदम कलकलायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी त्यांना वर्गात बसवलं. आधी गोष्ट गोरबोलीत, मग तीच मराठीत. हजेरीलाही मान खाली घालणारी पायल दिवाळीपर्यंत फळ्यावरची वाक्यं वाचू लागली.

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो, पोरांसकट. मॅडम म्हणाल्या, "बिजलीबाई, तुम्ही समजवा आयांना. पोरं इथंच ठेवा म्हणावं. वर्षभर असंच शिकवू, माझा शब्द."

बिजलीबाई दारोदार फिरल्या. पायलची आई पुष्पा काही ऐकेना. शेवटी बिजलीबाईंनी सेवालाल महाराजांची आण घेतली : पोरीला शाळेत कुणी तिच्या बोलीवरून हिणवणार नाही. तांड्यात ही आण कुणी उगाच घेत नाही. पुष्पानं पोरीला आजीजवळ ठेवायचं कबूल केलं.

आणि ट्रक निघायच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. बिजलीबाई वर्गात गोष्ट सांगत होत्या.

"या कोण?" साहेबांच्या कपाळाला आठी.

"स्वयंपाकीण आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं, पोरांशी तांड्याची भाषा बोलू नको. ऐकतच नाही. जा गं, चूल बघ."

चार महिने अहो-जाहो करणारी बाई एका आठीपुढं अगं-तुगंवर आली! बिजलीबाई उठल्या. व्हरांड्यात मी उभा होतो. माझ्याकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्ही तं सारं पाह्यलं. काहून नाही बोलले?"

मी नोकरीचं काहीतरी पुटपुटलो. कसला सर आणि कसलं काय!

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी वर्गात गोरबोली बंद केली. पायलनं पाणी मागितलं ते घरच्या बोलीत, म्हणून तिला तासभर उभं केलं. त्यानंतर ती बोललीच नाही.

निघायच्या सकाळी पुष्पा पायलचा हात धरून शाळेत आली आणि थेट चुलीपाशी गेली. तिनं गोरबोलीत विचारलं, पोरगी ठेवू की नेऊ? एवढी बोली आता मलाही कळते. बिजलीबाईंनी चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, ने.

पटावरचं नाव जाणार हे कळताच मॅडम धावत आल्या. "बिजलीबाई, असं काय करता? समजवा ना तिला, तुमच्या भाषेत!"

"एकदा समजावलं, मॅडम, तुमच्या भरवशावर," बिजलीबाई म्हणाल्या. "आता कोणाची आण घेऊ?"

पुष्पा पोरीला घेऊन ट्रककडे चालू लागली. तिला थांबवायला आमच्यापैकी कुणाजवळही तोंड नव्हतं.