चारशे अठरा नंबरचा वाचक

बसमध्ये तिकिटं तपासणाऱ्या त्या गृहस्थाला डेपोत सगळे दुर्बीण म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. गाडीत पाय ठेवला की फुकट बसलेला प्रवासी याला नुसत्या मानेवरून ओळखू येई. घरीही तोच खाक्या. बायको बाहेरून आली की कुठे गेली होतीस, कोणत्या रस्त्याने आलीस, एवढा वेळ कसा लागला, अशी तपासणी झाल्याशिवाय तिला हातातली पिशवी खाली ठेवता येत नसे. सव्वीस वर्षांच्या संसारात एकदाही ती विनातिकीट सापडली नव्हती. याचं त्याला समाधान वाटायच्याऐवजी जरा आश्चर्यच वाटे.

अशा माणसाला कावीळ झाली. काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात; याला ते आधीपासूनच दिसत होतं. डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरुणातून हलायचं नाही अशी तंबी दिली. पहिल्या तीन दिवसांत त्याने खाटेवरूनच दूधवाल्याचं कमी माप पकडलं, वरच्या मजल्यावरचा नळ कोण उघडा ठेवतं ते शोधलं आणि बायकोला भाजी आणायला तेवीस मिनिटं का लागली यावर तिचा जबाब घेतला. चौथ्या दिवशी तिने त्याच्या उशाशी एक जाडजूड पुस्तक आणून ठेवलं.

"हे काय?"

"कथा आहेत. वाचा, वेळ जाईल."

"कुठून आणलंस?"

"लायब्ररीतून. परवाच नाव घातलं तिथे."

याच्या मनात पाल चुकचुकली. गोष्टीबिष्टी म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे त्याचं मत लग्न झाल्या झाल्याच तिला ऐकवून झालं होतं. मग हिला एकदम लायब्ररी कुठून सुचली? त्याने पुस्तक उघडलं ते मागून. शेवटच्या पानावर एक पट्टी चिकटवलेली होती. पुस्तक परत आलं की कारकून तिच्यावर तारीख आणि सभासदाचा नंबर लिही. आता नंबर म्हटल्यावर याचा जीव भांड्यात पडला. गेल्या वर्षभरातल्या तारखांपुढचे नंबर नऊशेच्या वरचे, म्हणजे नव्या सभासदांचे होते. जुन्या तारखांत एक नंबर मात्र तीनदा आला होता. चारशे अठरा.

एकच पुस्तक तीनदा? फसवणूक नाही तर दुसरं काय असणार!

तपासासाठी म्हणून त्याने पहिली कथा वाचली. लेखिका कुणी सुईण होती आणि खोट्या साक्षीदारासारखी लांबण लावत होती. पण एका ओळीशी, समासात, पेन्सिलीची बारीकशी टिकली दिसली. ओळ अशी होती: 'दार आतून लावता येतं, एवढ्याचसाठी तिला न्हाणीघर आवडे.' त्याने ती ओळ पुन्हा वाचली आणि मग टिकल्या शोधत शोधत अख्खं पुस्तक संपवलं.

पुढच्या पुस्तकाचा लेखक आयुष्यभर एका गल्लीबद्दलच लिहीत आलेला. तिथेही चारशे अठरा, तिथेही टिकल्या. तिसरा लेखक बंदरावरचा हमाल, त्याची वाक्यं चार शब्दांच्या वर जात नसत. हा त्याला फारच आवडला, पण तसं कबूल केलं नाही. "याचं आणखी काही असेल तर आण," एवढंच तो बायकोला म्हणाला, तेही भिंतीकडे बघत. सुईणीचं नवं पुस्तक आलं तेव्हा तर त्याने औषधाची वेळसुद्धा चुकवली. ज्या लेखकांना काही आठवड्यांपूर्वी त्याने दारात उभं केलं नसतं, त्यांची तो आता वाट बघू लागला.

मात्र दुर्बिणीचा डोळा चारशे अठरावरच होता. हिला नेमकी त्याचीच पुस्तकं कशी मिळतात? कुणी हिला सांगतं की काय, हे घे, ते घे? असा कोण आहे, जो आपल्या बायकोला तिची आवड सांगतो? हा प्रश्न त्याला खायला उठे. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. बायको हातची जाईल या भीतीने नव्हे; आपल्या नजरेखाली सव्वीस वर्षं असलेलं माणूस आपल्याला माहीतच नसेल तर, या भीतीने.

त्याने आडून खडा टाकला.

"अगं, हा चारशे अठरा कोण आहे माहीत आहे का? सगळीकडे खुणा करून ठेवल्यात."

ती चादरीची घडी घालत होती. "कशा खुणा?"

"टिकल्या. आणि ओळी तरी कसल्या! ही बघ, या गल्लीवाल्याची. 'त्या घरात सगळे खरं बोलत, कारण खोटं बोलायची मोकळीक कुणालाच नव्हती.' मी सांगतो तुला, या माणसाला घरी बोलायला कुणी नसणार. सतत कुणीतरी मानेवर बसलेलं असणार. मला तर दया येते बिचाऱ्याची."

तिची घडी चुकली. तिने चादर झटकून पुन्हा पहिल्यापासून घडी घातली.

"असेल," ती म्हणाली.

सहावा आठवडा लागला. डोळ्यांचा पिवळेपणा गेला आणि त्याला सुईणीचं पहिलं पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटलं. बायकोने निमूटपणे आणून दिलं. हाडाची सवय, त्याने आधी पट्टी बघितली. महिन्याभरापूर्वी हे पुस्तक त्याच्याच घरून परत गेलं होतं, तेव्हा शेवटची नोंद आपलीच असणार. नवीन सभासद, म्हणजे नंबर नऊशेच्या पुढे.

ताज्या निळ्या शाईत तारीख होती, त्याने पुस्तक परत पाठवल्याची. शेजारी नंबर होता चारशे अठरा.

आधी त्याला राग आला. परवाच नाव घातलं म्हणे! पट्टीवरच्या तारखा त्याने बोटाने वर वर नेल्या. चारशे अठराची सर्वात जुनी तारीख त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षातली होती. पंचवीस वर्षं तपासणी चालू होती आणि ती त्याच्या नाकाखालून ये-जा करत होती. मग त्याला आपलेच शब्द आठवले. कुणीतरी मानेवर बसलेलं असणार. बिचारा. त्याने स्वतःच निकाल दिला होता, अगदी पुराव्यानिशी.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. त्याच्या हातातली उघडी पट्टी तिने बघितली आणि दारातच थांबली. आता प्रश्न येणार, म्हणून तिने पदर खोचला. त्यालाही प्रश्न सुचत होते, रांगेने: कधी जायचीस, काय सांगून जायचीस, किती वेळ. जिभेवर आलेले ते सगळे त्याने गिळले.

"बस ना," तो म्हणाला. "तू खूण केलेली एखादी ओळ वाचून दाखव."

तिने पुस्तक घेतलं. उघडलं मात्र नाही. खाटेपासून हातभर लांब उभी राहून तिने त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती, फक्त आजवर ती त्याच्यावर कुणी रोखली नव्हती.

"कशासाठी?" तिने विचारलं.