टोप एकच घेतला

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही. बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता — तिला माहीतच होतं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुकेल, सांगण्यात चुकणार नाही.

माझी बायको, सुमन, खोकून खोकून गेली. लोक म्हणतात, गावच्या चुलीच्या धुराने नेली. मी मान हलवतो. चुलीने नाही नेली. पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल — अजूनही पाय मागेच ओढतोय.

करंजाड्याला आमचं तळमजल्याचं घर, पुढे छोटं अंगण. रिटायर होऊन घरी बसलो आणि बघतो तर गेट, खिडक्यांच्या जाळ्या, टाकीचा स्टँड — सगळं गंजलेलं. खाडीची हवा, लोखंड टिकतंय कुठे? पॉलिश पेपरने घासून हात सोलले. मग म्हटलं, मी जन्म काढला द्रोणागिरीकडच्या कंटेनर यार्डात. रेतीचा फवारा मारून अख्खे कंटेनर चकचकीत केले. घरचं गेट ते काय?

जुईनगरच्या एका दुकानात ब्लास्टिंगची छोटी टाकी बघायला गेलो. दुकानदार बोलका होता.

"काका, रेती नका हां वापरू. गार्नेटचा चुरा देतो, तो छातीला रेतीएवढा बाधत नाही. नाहीतर ही पाण्यावरची मशीन घ्या, गर्दाच उडत नाही."

"पाणी मारलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत परत लाल होतं. मला शिकवतोस काय?"

"नाय शिकवत, बाबा! टोप किती देऊ? हाताखाली कोण असणार?"

"बायको."

"मग दोन घ्या. काकूंना काय असंच धुळीत उभं करणार?"

"ती काय नळी धरणार आहे? पदर लावेल तोंडाला."

तो हसला. मीही हसलो. टोप म्हणजे डोक्यापासून खांद्यापर्यंत झाकणारा, आत स्वच्छ हवेची नळी येते तो. मी एकच घेतला.

आता तुम्ही म्हणाल, अडाणी माणूस, त्याला काय कळणार? — तिथेच गोची आहे. मला कळत होतं. यार्डात माझ्या जोडीला दत्तू होता. तो तोंडाला फडकं बांधून रेती मारायचा. चांगला पैलवान गडी, पण शेवटी जिना चढताना मध्येच बसायला लागला. त्याला खांदा दिलाय मी. ते बघितलं होतं म्हणूनच तर स्वतःसाठी टोप घेतला ना? कळत नसतं तर एकसुद्धा कशाला घेतला असता?

रेती आणली, कारण तिची सवय होती. हाताला माहीत असलेली गोष्ट सोडवत नाही. गेट झालं, जाळ्या झाल्या. मग शेजारी आले, आमचंही करून द्या म्हणाले. मला बरं वाटायचं. घरी बसलेल्या माणसाला कोण विचारतं? पुढची काही वर्षं अंगणात काम चालूच राहिलं.

समोरच्या वहिनी ओरडल्या, "काका, आमचे धुतलेले कपडे बघा, नुसती माती झाली!" मग मी अंगणाला चारी बाजूंनी ताडपत्री लावली. गर्दा बाहेर जायचा बंद झाला. त्यांचे कपडे वाचले. गर्दा सगळा आत — आणि आत आम्ही दोघं. मी टोपात. सुमन खाली बसून वापरलेली रेती पिठासारखी चाळायची, परत टाकीत भरायला. एकदा वापरलेली रेती फुटून आणखी बारीक होते. हेही मला माहीत होतं.

"गंज तुमच्या गेटचा आणि कचकच माझ्या दातांत," असं म्हणायची. जेवायला बसलं की म्हणायची, "आज मीठ कमी घातलंय, रेती आहेच." मी हसायचो. टोपाच्या आतून मला तिचं अर्धं बोलणं ऐकूच यायचं नाही.

मग खोकला सुरू झाला. आधी टीबीच्या गोळ्या दिल्या. उलट्या व्हायच्या तिला त्यांनी, पण घेत राहिली. फरक पडेना तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेली. सोबत आमची मुलगी वैशाली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि मला विचारलं, "घरात दगडाचं, रेतीचं, धुळीचं काही काम होतं का?"

वैशाली माझ्याकडे बघत होती. ती सासरी नाशकाला; अंगणातलं तिला धड माहीत नव्हतं. ती आली की मी ताडपत्री काढून ठेवायचो. का काढायचो? — तुम्हीच समजून घ्या.

मी म्हणालो, "नाही. घरीच असते ती."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "गावाला चूल होती हो. सासूबाईंना गॅसवरची भाकरी चालायची नाही. त्याचाच धूर असेल."

वैशालीने ते धरलं. सुमन गेल्यावर घरात माझ्या आईचा फोटो होता, तो तिने खाली उतरवला. म्हणाली, "आजीने माझ्या आईला जाळलं." माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती कुठे येणार सांगायला? मी तिथेच खुर्चीत बसलो होतो. फोटो भिंतीला पाठ करून ठेवला तिने, आणि मी "राहू दे" एवढंसुद्धा म्हणालो नाही.

पण खरं सांगायचं ते हेही नाही. इथवर मनातल्या मनात पुष्कळदा आलोय आणि इथेच थांबलोय.

हॉस्पिटलातून घरी आलो, वैशाली नाशकाला गेली. त्याच आठवड्यात एका शेजाऱ्याचं गेट अंगणात पडून होतं. काम बंद करता आलं असतं. पण बंद केलं तर सुमनपुढे कबूल केल्यासारखं होणार — की मी खोटं बोललो, आणि मला आधीपासून ठाऊक होतं. तिच्या तोंडावर ते कबूल करायला मी घाबरलो. म्हणून ताडपत्री परत बांधली.

ती आतून आली. धाप लागली होती. पाट ओढून नेहमीच्या जागी बसली. मी नको म्हणेन, याची वाट बघत बसली होती का? मला वाटतं, बसली होती. मी टोप डोक्यावर घातला आणि मशीन चालू केली.