लालासमोर पिवळा मणी

बारावीला असताना आमच्या पारनेरच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं आणि मी डीएनएची प्रतिकृती करायचं ठरवलं. कारण साधं होतं. घरात मणी होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मंगळसूत्रं ओवून देतात. आसपासच्या आठवडी बाजारांत पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसायचं आणि बायका आणतील ते मणी त्यांच्यादेखत ओवून, गाठून द्यायचे. शाळा त्यांनी चौथीतच सोडलेली.

मी चार रंगांचे मणी मागितले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘कसं ओवायचंय?’’

मी सांगितलं, दोन लांब दोरे समोरासमोर. कुठल्याही एका दोऱ्यात रंगांचा क्रम कसाही येऊ दे, पण लालासमोर पिवळाच आणि निळ्यासमोर हिरवाच हवा. मग समोरासमोरचे मणी बारीक दोऱ्याने बांधायचे आणि सगळ्याला गोल जिन्यासारखा पीळ द्यायचा.

‘‘आन् हे असतं कुठं?’’

‘‘आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत. माणूस कसा घडायचा ते या क्रमात लिहिलेलं असतं.’’

मी ओवायला घेतलं, तेही जवळ येऊन बसले. मी ओवत होते तिकडे बघत राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘हितं चुकलंय. निळ्यासमोर पिवळा आलाय.’’ पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, तरी मला ते दिसलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती माळ खुंटीवरून काढायला गेले आणि एका बाजूचा दोरा तुटला. आडवे बारीक दोरे अजून बांधायचे होते, त्यामुळे मणी घरभर झाले. क्रम मी कुठेच लिहून ठेवला नव्हता. मी खाली बसून रडायला लागले.

आप्पा जेवत होते. हात धुऊन आले. ‘‘दुसरी बाजू शाबूत हाय ना? मग रडतीस कशाला?’’

त्यांनी उरलेला दोरा अंगठ्याला अडकवला आणि त्याच्याकडे बघत नवा दोरा ओवायला घेतला. लाल दिसला की पिवळा, हिरवा दिसला की निळा. मी मणी वेचून देत होते. दर चार-पाच मण्यांनंतर ते मागे बोट फिरवून जोड्या बघायचे. एकदा चूक सापडली, तर तेवढा मणी काढून दुसरा घातला. मी म्हणाले, ‘‘पेशीतपण असंच करतात, आप्पा. नवी बाजू जोडणारं एन्झाइमच चुकलेला तुकडा काढून टाकतं.’’

‘‘तिथंबी दोरा तुटतो का?’’

‘‘नक्कल होताना तुटत नाही. पेशीची दुसरी पेशी व्हायची असते तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींपासून सुट्या होतात. मग प्रत्येक बाजूसमोर नवी बाजू तयार होते. एका माळेच्या दोन होतात.’’

त्यांचा हात थांबला. ‘‘मंजी दोन्ही माळंत एक बाजू जुनी ऱ्हाती.’’

पुस्तकात यासाठी ‘सेमीकन्झर्व्हेटिव्ह’ असा शब्द होता. मी तो घोकून पाठ केला होता. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी डीएनएची नक्कल कशी होते ते विचारलं. मी घरी झालं तसंच सांगितलं, तुटलेल्या दोऱ्यासकट. बाईंनी माळ उचलून जोड्या तपासल्या आणि विचारलं, ‘‘इतकं सफाईदार कुणी ओवलं?’’ माझ्याबरोबर आलेले आप्पा दाराजवळ उभे होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तर ते खाली बघायला लागले.

बक्षीस सोलर कुकरला गेलं. घरी चालताना आप्पांनी विचारलं, ‘‘माझ्यातलं तुझ्यात किती आलं आसंल?’’

‘‘निम्मं. बाकीचं आईचं.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘नुसतं माझंच आलं आसतं तर तू बोललीच नसतीस तिथं.’’

आता मी केडगावला एका लॅबमध्ये काम करते. प्रदर्शनाच्या दिवशी शेजारच्या गावचा बाजार होता आणि ऐन लग्नसराईत आप्पा तो सोडून माझ्याबरोबर आले होते, हे आईने मला परवा बोलता बोलता सांगितलं.