लॅमिनेशनखालचा अंगठा

रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी पुरता झोपत नाही. खाली भंगारवाला ओरडत असतो, शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देतो, आणि मध्येच आपण कुठे आहोत हे निसटतं. मी पलंगावर आडवा आहे. उशाशी एक कार्ड, एक भिंग आणि पातळ पात्याचा कटर. मुकुलने बजावलं होतं म्हणून हात साबणाने धुऊन, पुसून कोरडे केले आहेत.

कार्ड क्रिकेटचं आहे. आमच्या शाळेच्या दिवसांत बबलगमच्या पाकिटात निघायचं, तसलं. यावरच्या गोलंदाजाचा फोटो उलटा छापला गेला, त्यामुळे उजव्या हाताचा माणूस डावखुरा दिसतो. अशी चुकलेली कार्डं संग्राहक शोधत असतात. मुकुल बेडेकर, माझा मित्र, कार्डांचा एक गठ्ठा आज संध्याकाळी परदेशी तपासणीला पाठवणार आहे. तिथे कोपरे, कडा, छपाई भिंगाखाली बघतात, दहापैकी नंबर देतात आणि कार्ड जाड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात.

माझ्या कार्डाची अडचण अशी की ते आधीच प्लॅस्टिकमध्ये बंद आहे. वडिलांचं, म्हणजे नानांचं, साताऱ्यात कोर्टासमोर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. जपण्यासारखं जे जे दिसेल ते नाना यंत्रातून काढत. रेशनकार्ड, मार्कलिस्ट, आजोबांचा एकुलता एक फोटो. आणि माझं हे कार्ड.

"वरचं लॅमिनेशन काढून आण," मुकुल म्हणाला होता. "तसंच पाठवलं तर ते लोक नंबरच देणार नाहीत." काढताना वरची छपाई उपटून येऊ शकते, हेही त्याने सांगितलं.

कटर हातात घेण्याआधी मी भिंगातून एकदा पाहिलं. पांढऱ्या किनारीवर, प्लॅस्टिकच्या आत, अंगठ्याचा ठसा आहे. राखाडी, अर्धा, पण रेषा स्पष्ट. झेरॉक्सच्या काळ्या पावडरीचा. मग मी कटर उचललाच नाही, आडवा झालो.

भंगारवाल्याचा आवाज लांब जातो. पलंगाची कड दबते.

"दिवसाढवळ्या झोपतोस, जितू?"

"रात्रपाळी होती, नाना."

"तुम्हा पेपरवाल्यांचं कधी सरळ असतं का काही!"

नाना चार वर्षांपूर्वी गेले. हे मला आत्ताही माहीत आहे, पण ते बोलायची ही वेळ वाटत नाही. त्यांनी बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट घातला आहे. ते उठतात आणि माझ्या खिडकीचं शटर वर ढकलतात. खिडकीला शटर कधी नव्हतं. पलीकडे कोर्टाची कमान दिसते, अलीकडे त्यांचं काउंटर. पुढे माणसांची रांग आहे. प्रत्येकाच्या हातात काही ना काही कागद आहे, आणि कुणीच बोलत नाही.

नाना यंत्राचं बटण दाबतात. लाल दिवा लागतो.

"तापायला वेळ लागतो," ते रांगेला सांगतात. मग माझ्याकडे वळतात. "एक विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू रडला का होतास?"

"कुठल्या दिवशी?"

"हे कार्ड करून दिलं त्या दिवशी. तुझी आई म्हणाली, आनंदाने रडतोय. मला काही ते पटलं नव्हतं."

काउंटरच्या पलीकडे आता शाळेची भिंत आहे. मुलं भिंतीला कार्ड टेकवून सोडतात. ज्याचं कार्ड दुसऱ्याच्या कार्डावर पडेल, त्याची दोन्ही. मी माझं सोडतो. ते गुळगुळीत आहे, कुठेच ठरत नाही, घसरत गटारापर्यंत जातं. "प्लॅस्टिकचं चालणार नाही! काढा याला!" कुणीतरी ओरडतं. नाना चष्मा कपाळावर चढवून बघतात.

"घसरतंय होय," ते हळूच म्हणतात. "मला काय माहीत रे. खिशात ठेवून ठेवून कोपरे मऊ पडले होते. म्हटलं, पोराचं टिकेल."

"माहीत आहे मला."

"मग सांगायचंस."

"तुम्ही इतके खूश होता."

ते खाली वाकून कार्ड उचलतात, शर्टाला पुसतात.

"आण, काढून देतो. तापवलं की सुटतं. ते तपासणारे लोक नंबर किती देतील?"

"आठ मिळाला तरी खूप झालं."

"दहात आठ? तुझ्या गणितापेक्षा बरं आहे मग."

मी हसतो. यंत्राचा लाल दिवा लहान होतो, त्याचे आकडे होतात. ते आकडे नानांच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर आहेत. काउंटरवर हिरवी चादर अंथरलेली आहे आणि नाना तिच्यावर उशीला टेकून बसले आहेत. आकडा एक्क्याऐंशी. मग ऐंशी.

"तेव्हाही तू नंबरच बघत बसायचास," नाना म्हणतात. तक्रार नाही, दिवे गेले असं सांगावं तसं. "म्हटलं सांगावं, बाबा, जरा माझ्याकडे बघ. पण तोंडावर तो मास्क."

मी आकड्यांवरून नजर काढून त्यांच्याकडे बघतो.

नाना चिमटा काढून बाजूला ठेवतात आणि प्लॅस्टिकच्या कडेत नख घालतात. पापुद्रा चर्र आवाज करत उचलला जातो. किनारीपाशी ते थांबतात.

"हा डाग कसला?"

"तुमचा अंगठा आहे."

"शी! हात न पुसताच धरलं होय मी?" त्यांचा चेहरा पडतो. "एवढं जपून केलं, आणि आत घाण ठेवली." ते रुमालाचं टोक जिभेला लावतात. "थांब, पुसतो."

"नाना, नको."

"अरे, नंबर कापतील ते."

"कापू देत."

"चांगली वस्तू डागासकट पाठवतात का कुठे?"

"मी पाठवत नाही."

ते माझ्याकडे बघतात. रांगेतली माणसंही बघतात.

"मग भिंग कशाला आणलंस?"

"बघायला."

नाना रुमाल खिशात ठेवतात. उचललेला पापुद्रा तळहाताने परत बसवतात. मग माझा उजवा हात ओढून घेतात. यंत्राच्या तापलेल्या रुळांमुळे त्यांच्या अंगठ्याची कातडी राठ झालेली आहे, ती तशीच लागते.

"लाव बघू अंगठा. माझा मोठा का तुझा?"

मी ठशावर अंगठा ठेवतो. तो बाहेर येत नाही, आतही राहत नाही.

"बरोबरीचा झालास की रे," ते म्हणतात. माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबतात. "धरून ठेव. गार होईपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर फुगा धरतं."

"किती वेळ?"

लाल दिवा विझतो. नाना शटरकडे वळतात.

फोन थरथरतो आहे. ऊन भिंतीवरून खाली उतरलं आहे. खिडकीला पडदा आहे, शटर नाही. कार्ड माझ्या उजव्या मुठीत आहे. मी उठून बसतो आणि भिंगातून चारही कडा तपासतो. लॅमिनेशन कुठेही उचललेलं नाही. ठसा आत, जिथे होता तिथेच. कटरचं पातं बंद.

माझा उजवा अंगठा काळा आहे. काळपट राखाडी, बारीक पावडर, रेषांत शिरलेली. कार्डाला बाहेरून ती कुठे लागलेली नाही. उशीवर नाही, चादरीवर नाही. घरात झेरॉक्सचं यंत्र नाही.

मुकुलचा मेसेज आहे. "निघालास का? कुरिअरवाला येऊन थांबलाय."

"कार्ड देत नाही," मी लिहितो. डाव्या हाताने लिहितो, त्यामुळे वेळ लागतो.