काचेबाहेरून पाहिलेला ड्राफ्ट

आमच्या स्नेहाला उंची माझ्याकडून आली, असं मी इथे न्यूझीलंडमध्ये आमच्या अख्ख्या लोअर हट गावाला सांगितलंय. मी पाच फूट दोन इंच आहे.

काल गॅरेज झाडताना माझ्या जुन्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हाताला लागल्या, आणि नुसत्या बघूनच तळपाय गार पडले. ड्राफ्टच्या दिवशी ह्याच पायात होत्या. बायकांच्या बास्केटबॉल लीगच्या टीमा त्या दिवशी एकेक नाव पुकारून नव्या पोरी घेतात. त्या वर्षी नाव आलं तर ठीक, नाहीतर स्नेहा खेळ सोडून नोकरी धरणार होती.

लॅपटॉपवर नावावर नावं येत होती, आमचं काही येईना. मी प्रत्येकीला "ही काय खेळणार!" म्हणत होतो. शेवटी स्नेहाच म्हणाली, "बाबा, प्लीज, गो आउटसाइड."

गेलो. थंडी अशी की पायाची बोटं आहेत का नाहीत कळेना. वाळत घातलेल्या चादरींचा साबणाचा वास येत होता. तेवढ्यात काचेतून दिसलं, स्नेहा ताडकन उठली, हसता हसता रडायला लागली आणि वाकून आईच्या गळ्यात पडली. नाव आलं होतं! तेव्हा वाटलं, नेमकं माझंच हुकलं. आता वाटतं, आत असतो तर मीच ओरडत सुटलो असतो, तिचा चेहरा बघायचा राहिलाच असता.

मी धावत आत आलो. "बघा, मी बाहेर गेलो म्हणून नाव आलं!"

बायको डोळे पुसत म्हणाली, "मग आता सीझन संपेपर्यंत तिथंच उभे राहा."